हरेश्वरकाकांची तोफ

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की हरेश्वरकाका नाव-गाव विचारत नाहीत. थेट विचारतात, "तुमच्याकडं तोफेला काय म्हणतात?"

काका केळव्याचे. गुडघे गेल्यावर होडी पुतण्याकडे दिली आणि मुलाकडे, म्हणजे माझ्या शेजारी राहायला आले. मागच्या वर्षी त्यांनी एक वही आणली, तेव्हापासून हे खूळ. बिहारी वेल्डरनं 'तोप' सांगितलं, ते लिहिलं. अत्तरवाल्या चाचांनी सांगितलं, शब्द मूळचा तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला. तुर्कीत त्याचा अर्थ चेंडू, गोल वस्तू. त्या दिवशी काकांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. "मंग! शब्दाचं खानदान बगाया पायजे!"

मी मूळचा साताऱ्याकडचा, इथे कारखान्यात शिफ्टला. मला चेष्टेला आयता विषय मिळाला. "काका, बंदुकीकडची सोयरीक कधी?" असं मी जाता-येता विचारायचो. ते रागावत नसत. एवढंच म्हणत, "भाऊ, तोफ ही शिवी नाय ना हो?"

काकूंनी मात्र माशांची पाटी सोडली नव्हती. आवाज असा खणखणीत की खाली "बोंबीऽऽल!" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरची मांजरं जागी व्हायची. मागच्या वर्षी, काकांची वही यायच्या थोडं आधी, एकदा रात्रपाळी करून झोपलो होतो. तो आवाज आला आणि मी खिडकीतून ओरडलो, "आली तोफ!" सगळी बिल्डिंग हसली. नाव चिकटलं, पोरंही म्हणू लागली. पुढे काकूंची हाक बंद झाली. हल्ली झोप छान लागते, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

परवा काका वही घेऊन आले. "शेवटचं पान वाचा. चुका काडा."

पानावर लिहिलं होतं: 'आमच्या बंदरात जुनी तोफ वाळूत उभी पुरलेली हाय. तिला होड्या बांदतात. आजाच्या येळेपासून तिनं कोनावर गोळा टाकला नाय. वादळात आमची होडी धरून ठेवली.'

"हिला वाचून दाखवायचंय," काका म्हणाले. "कोन तरी तोफ बोलला, तवापासून हाक देत नाय. पाटी अर्दी परत येते. कोन बोलला, ते पन सांगत नाय."

मी खरं सांगायला हवं होतं. पण मान खाली घालून मी 'वाळूत'ला अनुस्वार आहे का ते बघत बसलो. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. "एकही चूक नाही, काका," म्हणालो आणि वही परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर हलकी टकटक झाली. काकू उभ्या होत्या. "बोंबील हायत, भाऊ. ताजे."

"काकू," मी कसाबसा म्हणालो, "खालून हाक मारत जा ना, पहिल्यासारखी."

त्यांनी पाटीवरचं फडकं सारखं केलं.

"नको," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची झोप मोडते."