अकरा ते एक, हृदयाची वेळ

मी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली! सोमवारी मी पारंपरिक चिनी वैद्यकातल्या घड्याळाचा तक्ता फ्रीजवर चिकटवला आणि जाहीर केलं, "आजपासून माझं शरीर घड्याळाच्या ठोक्यावर चालणार. प्रत्येक अवयवाला त्याची त्याची वेळ!"

"आणि मेंदूला कधीची दिलीये?" बायकोने विचारलं.

पाच ते सात मोठ्या आतड्याची वेळ. मी पाचला बाथरूममध्ये शिरलो आणि कडी लावली. साडेपाचला दारावर टकटक झाली. आठ दिवसांसाठी आलेले सासरे!

"जावईबापू, आटोपलं का?"

"नाही! सातपर्यंत वेळ आहे."

"तुम्हाला असेल हो! मला नाही!"

सहाला ते शेजाऱ्यांकडे धावले. तेही अनवाणी.

सात ते नऊ जठराची वेळ. या वेळेत राजासारखं खावं, असं तक्ता म्हणतो. मी तीन राजांचं खाल्लं, आणि गाभण म्हशीसारखा डुलत दुकानात पोचलो.

आमचं दुकान गाद्यांचं. मी तिथे विक्रेता. अकरा वाजले. अकरा ते एक हृदयाची वेळ, म्हणजे थोडी विश्रांती. समोर चोवीस पलंग, पोटात तीन राजे! कोपऱ्यातल्या गादीवर जरा टेकलो. फक्त पाच मिनिटं, शपथ!

पुढचं मला काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं.

साडेअकराला मालक आले, सोबत एक हॉटेलवाले. त्यांना चाळीस गाद्या हव्या होत्या. आणि मी गादीच्या मधोमध, तोंड उघडं, घोरणं असं की जणू कोणी लोखंडी कपाट फरशीवरून ओढतंय!

मालक लालबुंद झाले. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "साहेब, डेमो चालू आहे."

"डेमो?" हॉटेलवाले जवळ आले. त्यांनी कानाशी टाळ्या वाजवल्या. पलंग हलवला. शेवटी मोबाईलवर बँडबाजा लावला. मी कूस बदलली आणि म्हणालो, "सासरेबुवा, सातपर्यंत थांबा!"

"वा! काय गादी आहे!" हॉटेलवाले म्हणाले. "याच चाळीस द्या!"

मला जाग आली तेव्हा मालक उशाशी बसले होते. मी धडपडत उठून बसलो. "साहेब, चुकलं! हृदयाची वेळ होती, म्हणून..."

"चुकलं काय, अहो, जिंकलात!" मालकांनी माझा हात हातात घेतला. "उद्यापासून रोज अकरा ते एक तुम्ही झोपायचं. दर्शनी काचेत!"

पगारी झोप! मी त्या रात्री घरी छाती फुगवून सांगितलं, "मला बढती मिळाली. काम गुप्त आहे."

आता आज चौथा दिवस. काचेत दिवे, अंगावर दुकानाचा पट्टेरी पायजमा, बाहेर पोरं काचेला नाकं लावून. डोळे मिटलेले, पण झोप? नावाला नाही! नाकाला खाज, पण खाजवायचं नाही, गादीची बदनामी होईल.

साडेबाराला काचेपलीकडून ओळखीचा आवाज आला. बायकोची मावशी!

"अगं, हे आपले जावई ना गं?"

मी श्वास रोखला. मग बायकोचा आवाज, अगदी थंड:

"छे गं मावशी! पुतळा आहे तो. चल लवकर."