गजभिये काकांची दुसरी बाटली

गजभिये काकांकडे प्रत्येक गोष्ट दोन असते. खिशात दोन पेनं, पिशवीत दोन छत्र्या, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा गळ्यात. लग्नाला जाताना अहेराची पाकिटंसुद्धा दोन नेतात, एक हरवलं तर? "रूपाली, दुसरी ठेवलीस ना?" हा त्यांचा माझ्यावरचा रोजचा हल्ला. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, मला नवराही एकच आहे." तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाप्पा! मग जपून वापर त्याले."

काका मुंबईत चांगले मुरले आहेत, पण उत्साह चढला की भंडाऱ्याची बोली बाहेर येतेच. आणि उत्साह त्यांना कायम चढलेला असतो.

आमचा धंदा असा आहे, की पाहुण्यांना मी तो चहा पिऊन झाल्यावरच सांगते. कंपन्यांचे ड्रायव्हर, क्रेनवाले नशा करून कामावर येत नाहीत ना, हे बघायला आम्ही त्यांच्या लघवीचे नमुने घेतो. माझं सेंटर कांदिवलीला, काकांचं जोगेश्वरीला. खरी पद्धत अशी, की एकच नमुना दोन बाटल्यांत भरायचा. पहिली तपासायची, दुसरी सील करून, सीलवर कामगाराची सही घेऊन फ्रिजमध्ये ठेवायची. रिपोर्ट खराब आला आणि कामगार म्हणाला "मी काही घेतलं नाही", तर दुसरी बारकाईनं तपासून नशा होती की औषध, ते बघता येतं. पण फ्रिज लहान आणि कटकट मोठी, म्हणून बरेच लॅबवाले एकाच बाटलीवर भागवतात.

काकांचा सगळा जीव त्या दुसऱ्या बाटलीत. आमच्यासारख्या छोट्या लॅबवाल्यांची एक संघटना आहे. तिच्या सभेत काका दरवर्षी एकच ठराव मांडतात, की दुसरी बाटली ठेवल्याशिवाय कोणत्याही सभासदानं काम करायचं नाही. हा ठराव कधी पडला नाही आणि कधी मंजूरही झाला नाही, कारण सभेला माणसंच नसतात. निम्मे येत नाहीत, आलेले वडा खाऊन सटकतात आणि मतदानाला कोरम उरत नाही. यंदा आमचे अध्यक्ष शहासेठ वैतागले. "गजभियेभाई, लास्ट टाइम हां. ह्या वेळी नाही झालं तर हा विषय कायमचा बंद."

काका पेटलेच. "माणूस सभेला काऊन येत नाही? त्याले तिथं काम नसते म्हणून!"

आणि त्यांनी कामं वाटायला सुरुवात केली. मुलुंडचे सावंत वडा समिती. भांडुपच्या डिसोझा मॅडम पंखा समिती. ज्यांचं तोंड वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नव्हतं, त्या बोरिवलीच्या पाटलांना माइक समितीचं अध्यक्षपद. आमच्या ग्रुपवर तोवर फक्त सुप्रभातची गुलाबं यायची. आता तिथं चटणी वडा समितीच्या अखत्यारीत येते की नाही, यावर रणकंदन पेटलं. मला तर सकाळी उठल्याबरोबर फोन बघायची चटकच लागली.

माझ्या वाट्याला आली चप्पल समिती. सभा घाटकोपरला, काकांच्या ओळखीच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये होती, तिथं चपला दाराशीच काढायच्या असतात.

"काका, माझी एवढीच लायकी?"

"अगं, सगळ्यात मोठं काम तुलेच देल्लं. पाहशील."

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. आमच्या संघटनेत इतकी माणसं आहेत हे मला तेव्हाच कळलं. दारात काकांनी माझ्या हातात नमुने पाठवायच्या मोठ्या पिशव्यांचा गठ्ठा आणि सीलची गुंडाळी ठेवली. "एकेकाची चप्पल पिशवीत, वर सील, सीलवर मालकाची सही. आपल्या पद्धतीनं."

कुणीही का म्हणून विचारलं नाही. आमच्या लोकांना सील दिसलं की हात आपोआप सहीला जातो. पाटलांनी तर सहीखाली वेळसुद्धा घातली. शहासेठनी स्वतःच्या कोल्हापुरीचं सील नखानं दाबून घट्ट बसलंय ना ते पाहिलं आणि समाधानानं आत गेले.

वडे संपले. ठरवल्यासारखे सावंत उठले, मागोमाग आणखी पाच-सहा जण. दाराशी जाऊन ओरडले, "रूपाली, चप्पल दे गं."

माइकवरून काकांचा आवाज आला. "सील तोडताना मालकासोबत साक्षीदाराचीही सही लागते. साक्षीदार चप्पल समिती. आणि चप्पल समिती आत्ता मतदानाले बसली आहे."

असा हशा फुटला की विचारू नका!

"अरे फाड ना यार पिशवी," मागून कुणीतरी म्हणालं.

"सील फाडू?" सावंत दचकले. "साक्षीदार नसताना? वेडा झालास काय रे?" आणि ते गुपचूप जागेवर येऊन बसले. बाकीचेही बसले.

हात वर झाले. मी मोजायच्या फंदात पडले नाही, सगळीकडे हातच हात दिसत होते. ठराव मंजूर! मी तर शिट्टी मारली. शहासेठ म्हणाले, "गजभियेभाई, दोन शब्द बोला." प्रत्येक गोष्ट दोन बाळगणाऱ्या त्या माणसाला एकही शब्द सुचला नाही. हात जोडून ते खाली बसले.

सगळ्यांच्या चपला सह्या करून देईपर्यंत माझे हात भरून आले. शेवटी एकच पिशवी उरली, काकांची.

"तुमची अशीच देते, काका."

"नाही गं. पद्धतीनं दे." मग पायरीवर बसत म्हणाले, "मी पण ड्रायव्हरच होतो. पवईले, कंपनीच्या बसवर. खोकला झालता, औषध घेत होतो. रिपोर्ट खराब आला. म्हटलं, परत तपासा. ते म्हणाले, काय तपासू? बाटली एकच होती."

"नोकरी गेली?"

"नोकरी दुसरी भेटते." काकांनी चष्मा पुसला. "बाप गावाले होता. जन्मात सुपारी खाल्ली नाही त्यानं. म्हटलं, बाबा, मी नशा नाही केली. तो म्हणाला, कागद खोटं बोलते का? तसाच गेला तो."

मी त्यांची पिशवी पुढं केली.

काकांनी सील सोललं, त्यावर सही केली आणि खिशातलं दुसरं पेन माझ्यापुढं धरलं.

"काका, मला खरं वाटतं तुमचं," मी म्हटलं, आणि साक्षीदाराच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिलं.