दस्तीआडून बोलणारे आबा

आमच्या चकलांब्यातले गणपतआबा लहान लेकरांशी कधी उघड्या तोंडानं बोलत नाहीत. मोठ्यांशी मोकळेपणानं बोलतात. पाऊसपाणी, राजकारण, भावकीची भांडणं, कशालाच आडपडदा नसतो. पण समोर चार वर्षांचं पोर आलं की खांद्यावरची दस्ती तोंडावर जाते आणि त्या फडक्याआडून आवाज येतो, "बटाटा. पयला आवाज कुठला?" पोर नवखं असेल तर भोकाड पसरतं. सरावलेलं असेल तर "ब" म्हणून ओरडतं आणि आबांच्या खिशातला गुळाचा खडा घेऊन पसार होतं.

हे सगळं चालतं माझ्या औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर. बाक मी आजारी माणसांसाठी टाकला होता. आबांनी तो सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखा ताब्यात घेतला. वास्तविक घरची बागायत, दारात ट्रॅक्टर, वाडवडिलांपासून गावात मान. अशा माणसानं आपल्या ओट्यावर बसून हुकूम सोडायचे. हे दिवसभर माझ्या दारात बसून दुसऱ्यांच्या पोरांना "साबण"चा शेवटचा आवाज विचारतात.

आबांचं एक शास्त्र आहे आणि ते गावातल्या प्रत्येक आईला तोंडपाठ झालंय. लेकराला आधी पाटी देऊ नका, आधी आवाज ऐकवा. त्यासाठी शाळा लागत नाही, मास्तर लागत नाही, घर पुरतं. भाकरी थापता थापता म्हणा भा-क-र आणि लेकराला टाळ्या वाजवू द्या. आवाजांचीसुद्धा भावकी असते, असं आबा सांगतात. कांदा, कढई, कुकर ही 'क'ची भावकी. ती घरातून हुडकून आणायची. एकदा त्यांनी सगळ्या गल्लीतल्या पोरांना 'क'ची भावकी आणायला सोडलं, तर बाकापुढे कंगवा, कात्री, कोयता असा ढीग पडला, आणि एका पोरीनं जेवत बसलेल्या काकालाच हाताला धरून ओढत आणलं. काकाचा हात खरकटा होता. गल्लीतल्या बायका त्या दिवशी माझ्यावरच चिडल्या, कारण बाक माझा.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी हात जोडत आले आणि फोटोसाठी त्यांनी एक पोरगं कडेवर घेतलं. आबा उठून गुपचूप पोराच्या पाठीमागे गेले, दस्ती तोंडावर धरली आणि विचारलं, "मत. पयला आवाज कुठला?" पोरगं गर्दीला बुजलं होतं. पुढाऱ्यांनी हळूच त्याच्या कानात "म" सांगितलं. आबा म्हणाले, "सायब, कॉपी पुरवू नका." तो फोटो काही छापून आला नाही.

मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर वैतागही यायचा. तापाचं औषध घ्यायला आलेली बाई घाईत असते. तिच्या पोराच्या पाठीमागे उभं राहून कुणी तोंड झाकून हाका मारू लागलं तर ती परत कशाला येईल? त्यात एखादं पोर हाकेला वळून बघत नाही असं आबांना वाटलं की ते आईला सरळ सांगत, "बीडला नेऊन कान दाखव त्याचं." कान फुटलेले नाहीत, दुखत नाहीत, आणि हे कान दाखव म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात असंच एका बाईला म्हणाले. ती शिरूर कासारला दिलेली, माहेरी आलेली. सासरी कुणी काही बोललं असेल आधीच, माहीत नाही. तिचे डोळे भरून आले. "माझं लेकरू बहिरं न्हाई," एवढंच म्हणाली आणि औषध काउंटरवर तसंच टाकून निघून गेली.

मी भडकलो. आबांना म्हणालो की हा बाक उद्या उचलतो, तुम्ही तुमच्या घरी बसून काय ते आवाज काढा. आबांनी वाद घातला नाही. दस्तीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्यांनी शंभूचं नाव काढलं.

शंभू त्यांचा नातू. मुलगा बीडला नोकरीला, पण शंभू पहिली चार वर्षं इथं आबांजवळच वाढला. तो आता बीडला असतो आणि कानाला मशीन लावतो, हे गावाला ठाऊक होतं. पण त्या मशीनचा आणि या दस्तीचा काही संबंध असेल, असं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"डाक्टर," आबा म्हणाले. औषधं विकतो म्हणून मला ते डाक्टरच म्हणतात. "मी त्याला मांडीपुढं बसवून शिकवायचो. तोंडापुढं तोंड धरून. पाणी म्हणलं की प सांगायचा, मामा म्हणलं की म सांगायचा. मी गावभर सांगत फिरलो, पोरगं लई हुशार हाय. त्यो माझं ओठ बघत व्हता. ऐकत नव्हता."

मी बाकाच्या कडेला टेकलो.

"ज्यो आवाज ओठावर दिसतो तेवढाच त्याला यायचा. क म्हणलं, ग म्हणलं, की नुस्ता बघत बसायचा. मला वाटायचं हट्ट करतोय. का बोलत न्हाईस म्हणून कान पिळला म्या त्याचा. ज्यो कान ऐकत नव्हता, त्योच पिळला. सून म्हणत व्हती, दवाखान्यात दावू. मी म्हणलो, आमच्या घराण्यात कुनी बहिरं न्हाई."

बीडच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की आधी आणलं असतं तर बोलणं लवकर सुधारलं असतं. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. बाक अर्थातच उचलला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आबांचा मुलगा शंभूला घेऊन आला. मी दुकानात होतो, आबा रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसले होते. शंभू त्यांच्या घराकडच्या बोळातून आला आणि बाकामागे थोडा लांब उभा राहिला. चांगला उंच झालाय आता.

"आबा," त्यानं हाक मारली. आवाज जरा जड, नाकातून आल्यासारखा, पण शब्द स्वच्छ.

आबा वळले नाहीत. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मांडीवरचा हात थोडासा उचलून मला गप्प राहायची खूण केली. शंभूनं पुन्हा हाक मारली. पुन्हा. आबा ताठ बसून ऐकत होते. इतकी वर्षं जे कानावर पडलं नव्हतं ते पोटभर ऐकून घ्यावं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

मग हाका थांबल्या. शंभू बाकाला वळसा घालून पुढे आला आणि आबांच्या गुडघ्यांशी उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवून घेतलं, आणि आबांना आपले ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाला, "आ... बा..."