कॅसेटी मोकळ्या हवेत

एका शुक्रवारी नमाज पढून, पोटभर जेवून, वाहिदभाईंनी ठरवलं का आता बायकोला मदत करायची. (दुनियेतल्या निम्म्या इपत्ती हितनंच सुरू व्हत्यात. उरलेल्या निम्म्या, बायको ती मदत घेती म्हनून.)

वाहिदभाई वराळ्याचे. जलम गेला तळेगावच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात. नट ढिला का घट्ट, रंग बसलाय का फुगलाय, ते बगायचं आन् वर 'तपासले, ओके' असा हिरवा स्टिकर डकवायचा. रिटायर झाले तवा उरलेल्या स्टिकरांचा गठ्ठाबी घरी आला. आता घरात तपासन्याजोगं काय? तर रशिदाचा सैपाक. एकदा त्यांनी खिम्याच्या पातेल्याला स्टिकर डकवला. रशिदानं दोन दिस चूल पेटवली न्हाई. तवापास्नं गठ्ठा कपाटात.

रशिदा आन् परंदवडीची सरुबाई जुन्या मैतरणी. कारगिलच्या साली ह्या दोघींनी चार बाया गोळा केल्या आन् आठवड्याच्या आठवड्याला तळेगावच्या चौकात गप हुब्या ऱ्हायला लागल्या. हातात पुठ्ठा, त्याच्यावर 'लढाई नको'. पानटपरीवरनं पोरं शिट्ट्या मारायची, म्हातारे माना हलवायचे. ह्या काय हालल्या न्हाईत. मग रशिदानं टेप खांद्याला लावून घरोघर जाऊन बायांची बोलनी भरून घेतली. कुनाचा ल्योक सीमेवर, कुनाचा परत आला न्हाई. त्या सगळ्या कॅसेटी एका पेटीत, पलंगाखाली.

आता पुन्याच्या एका संस्थेतली समीक्षा म्हनून पोरगी हे असलं सगळं गोळा करती. जगातल्या बायांनी लढाईच्या इरुद्ध काय काय केलं, ते कंप्युटरात घालून जपायचं, कुनालाबी ऐकता यावं. अर्काइव्ह म्हनत्यात त्याला. तिनं पेटी बघितली आन् बजावलं, "मावशी, मावळातली ही ओल पट्टीला खाते. लवकर कंप्युटरवर घ्या. आणि एकच प्रत म्हणजे प्रतच नाही, बरं का. तीन करा."

"मी करतो की," वाहिदभाई म्हनले.

रशिदानं त्यांच्याकडं बघितलं. "तुमी?"

"अगं, एवढा कारखाना मी तपासला!"

"म्हनूनच इचारलं."

पन पोराचा जुना कंप्युटर घरातच पडल्याला, जावेद दुबईला. वाहिदभाईंनी टेपची वायर त्याला जोडली, कॅसेट लावायची आन् आवाज बंद करून टीव्हीवर म्याच बघायची. (आवाज चालू ठिवला तर म्याचची कॉमेंट्री कशी ऐकू येनार?) एक कॅसेट सरली का दुसरी. मधी डोळा लागायचा, तवा कॅसेट आपली आपून थांबायची. असं करत करत सगळ्या भरल्या. एक नवी हार्ड डिस्क आनली, साबनाच्या वडीएवढी. त्याच्यात सगळं घातलं, वर हिरवा स्टिकर. कंप्युटर लय भरला म्हनून त्याच्यातलं पुसून टाकलं. आन् त्या रिकाम्या झालेल्या कॅसेटी? (रिकाम्या कसल्या, भरलेल्याच व्हत्या. पन मानसाला एकदा काम सरलं म्हंजे सरलं.)

त्याच येळी सरुबाईचा नवरा महिपती वराळ्याला खत न्यायला आलता. चहा पिता पिता म्हनला, "वाहिदभाई, भाताचा दाना दुधात हाय आन् पाखरं लय मातल्यात. चकाकती पट्टी बांधली तर फिरकत न्हाईत म्हनं."

वाहिदभाईंचा चेहरा उजळला. "महिपतराव, तुमचं नशीब!"

आन् पिशवीभर कॅसेटी त्याच्या मोटारसायकलीला अडकवून दिल्या. बायकोला सांगितलं न्हाई. म्हनलं, पलंगाखाली जागा झालेली बगून खूश व्हईल.

समीक्षा यायच्या आदल्या दिसी वाहिदभाईंनी घरातल्या घरात उद्घाटनच ठिवलं. सरुबाईला बोलवलं. दोघींना खुर्च्या. टेबलावर डिस्क, त्याच्याखाली रुमाल. वाहिदभाई हुबे ऱ्हायले आन् घसा खाकरला.

"आज तुमच्या कार्याला मी..."

एक पाऊल म्होरं टाकलं. त्या पावलात वायर. डिस्क टेबलावरनं शहाबादी फरशीवर. टक.

उचलून पुन्हा जोडली. आतनं आवाज आला, टिक, टिक, टिक. घड्याळावानी.

"चाललीय का?" रशिदानं इचारलं.

"चालतीय... पन पोचत न्हाई."

सरुबाई म्हनली, "जाऊंद्या वाहिदभाई. तीन कॉप्या केल्या न्हवं तुमी?"

"केल्या की! एक, दोन, तीन असे फोल्डर."

"मग दुसरी लावा."

वाहिदभाईंनी टेबलावरचा रुमाल झटकला.

"कुटंय दुसरी?"

"ह्याच्यातच."

"आन् तिसरी?"

"तीबी." त्यांचा आवाज बारीक झाला. "एकाच ठिकानी असल्या म्हंजे हरवत न्हाईत."

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. हसू का रडू, तिलाच कळंना. "म्हंजे वाहिदभाई, कुलपाच्या तीन चाव्या केल्या, तिन्ही घरात ठिवल्या आन् भायेरनं दार वढलं म्हना की!"

रशिदा मातूर हसली न्हाई. "असू दे. कॅसेटी हायत ना. पुन्यांदा भरू."

आता वाहिदभाई खिडकीतनं भायेर बगाया लागले.

"अहो जावेदचे अब्बा. कॅसेटी कुटं हायत?"

"सुरक्षित हायत."

"पलंगाखाली न्हाईत. मी सकाळी झाडलं."

"ओल लागती म्हनून मी त्या मोकळ्या हवेत ठिवल्यात."

"गच्चीवर?"

"जरा लांब. परंदवडीला."

सरुबाईचा पदर खाली आला. "आमच्या परंदवडीला? कुनाकडं?"

"तुमच्याकडंच की, वहिनी. शेतात. पाखरांसाटी."

रशिदा उठली. चपला घातल्या आन् भायेर पडली. ती बोलली असती तर वाहिदभाईंना बरं वाटलं असतं. चाळीस वर्साच्या संसारात ते एवढं शिकलेवते.

रिक्षात मधी वाहिदभाई, दोन्ही अंगांना दोघी. रिक्षा सोमाटण्याला आली. मग सरुबाई हळूच म्हनली, "रशिदा, आमच्या आत्याबाईंची कॅसेट त्यातच व्हती गं."

"व्हय."

ठकूबाई म्हंजे सरुबाईची सासू, महिपतीची आई. तिचा थोरला पल्टनीत व्हता, लढाईतनं आला न्हाई, पेटी आली. वरीस सरायच्या आत ती म्हातारी चौकात रशिदाच्या शेजारी येऊन हुबी ऱ्हायली. महिपतीला ते रुचलं न्हाई. "बाया चौकात हुब्या ऱ्हायल्यानं लढाया थांबत्यात व्हय?" म्हनायचा. आईला न्यायलाबी कदी आला न्हाई. एकदा चौकातच म्हातारीनं स्वतः रचलेली ववी म्हनली, ती रशिदानं टेपवर घेतली. नंतर म्हातारी गेली. तिचा फोटू हाय भितीवर. आवाज एवढाच, त्या एका कॅसेटीत.

वाहिदभाईंना रिक्षातच कारखाना आठवला. कारखान्यात खराब माल गेला तर परत मागवता यायचा. हा कुठनं मागवायचा?

शेतात महिपती बांधावर हुबा, कमरंवर हात, लय खुशीत. भातावरनं काळी पट्टी काठीला काठीला बांधल्याली, उनात नुसती चमचम.

"या, या! वाहिदभाई, एक नंबर माल दिला राव. पाखरू टेकत न्हाई. आन् वारं सुटलं का अशी गुनगुनती, वाटतं कुनीतरी गानं म्हनतंय!"

"किती कॅसेटी उलगडल्या?" रशिदानं इचारलं.

"एकच पुरली. बाकीच्या मोटरीच्या खोलीत."

रशिदानं बांधावरचं रिकामं खोकं उचललं. वरचं अक्षर वाचलं आन् सरुबाईच्या हातात दिलं. सरुबाईनं नवऱ्याकडं बघितलं.

"गुनगुनती म्हनता न्हवं? तुमची आईच हाय ती."

महिपतीला कळंना.

"आत्याबाईंची ववी हाय त्या पट्टीत. जित्या व्हत्या तवा तुमी ऐकली न्हाई. आता पाखरांना ऐकवताय."

महिपतीनं टोपी काढली. भातावरच्या त्या पट्टीकडं बगत ऱ्हायला, जशी आत्ताच पयल्यांदा दिसली. मग खाली बसून पयल्या काठीची गाठ सोडायला लागला. दातांनी. कुनी सांगितलं न्हवतं.

वाहिदभाई खिशातनं चाकू काढून धावले.

"चाकू आत ठिवा!" तिघंबी एकदम वरडली.

मग काम वाटून घेतलं. महिपती गाठी सोडनार, सरुबाई पट्टी रुमालानं पुसनार, रशिदा कॅसेटच्या भोकात पेन्शिल घालून गुंडाळनार. वाहिदभाईंनी दोन्ही हात वर धरून पट्टी मातीला लागू द्यायची न्हाई, आन् मागं मागं चालायचं. दुसरं काय त्यांच्याकडनं करून घ्यायला कुनी तयार न्हवतं. वाहिदभाई मागं चालले. बांध सरला. पाट आला. वाहिदभाई पाटात.

कमरंइतकं पानी, त्याच्याखाली गुडघाभर चिखूल. पन हात वर ते वरच.

"पट्टी वली झाली का?" रशिदा वरडली.

"न्हाई!"

"मग ऱ्हावा तितंच. बरं धरलंय."

दिस कलेपतोर ते तितंच व्हते. बगळे येऊन बगून गेले. पट्टी कुटं पिळवटली व्हती, कुटं पाखरांनी शिटल्याली, आन् शेवटची इतभर तर गावलीच न्हाई. वर बाभळीवर सुगरणीच्या खोप्यात काळं काय तरी चमकत व्हतं. महिपती झाडावर चढाया निघाला, तर सरुबाईनं धोतर धरलं. "ऱ्हाऊ द्या. तिलाबी पिलं हायती."

दुसऱ्या दिसी समीक्षा आली. सगळं ऐकून घेतलं. हसली न्हाई, शिकल्याली पोरगी. नुसती डिस्क हातात घेऊन स्टिकर वाचला आन् खोकला आला म्हनून भायेर जाऊन आली. मग पट्टी बारीक ब्रशानं पुसली, पिळा काढला, तुटल्याली टोकं चिकटवली. "ह्या वेळी प्रती मी करते, काका," असं गोडीत सांगून जुन्या टेपमधी कॅसेट घातली. महिपती दारातच हुबा व्हता, आत येईना. इस्तरीचा सदरा घातलावता, जसं कुनाला भेटायला आलाय.

आधी नुसती खरखर. मग चौकातली गाड्यांची पोंपों. आन् मग ठकूबाई. आवाज जरा हेलपाटत व्हता, पन तिचाच.

"लढाईचं जातं बाई, कुनी गं मांडीयलं,
हिकडल्या तिकडल्या, आयांचं पीठ सांडीयलं..."

महिपती दाराची चौकट धरून मटकन खाली बसला. सरुबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. टोमना मारायची तिची लय जुनी सवय, पन त्या घडीला तिनं निस्ती पाठीवर हात ठिवला. रशिदा डोळं पुसत व्हती. वाहिदभाईंचंबी डोळं भरले, आन् मनात म्हनले, काय का असंना, पाटात हुबा तर मी ऱ्हायलो. माझ्यामुळंच हे वाचलं. (मानूस असाच. आग लावायची आन् बादलीभर पानी वतलं म्हनून हार मागायचा.)

तेवढ्यात ववी सरली, चौकात सायकलची घंटी वाजली, आन् टेपमधनं एक जवान गडी एवढ्या मोठ्यानं वरडला का समीक्षा दचकली.

"रशिदा! अगं ए रशिदा! जगातली शांतता मागनं बग, घरात साखरंचा डबा कुटं ठिवलाय ते सांग आधी! पाव्हणे बसल्यात!"

मग सरुबाईनं जी हसायला सुरुवात केली ती थांबंचना. महिपती रडता रडता हसायला लागला.

"हा कोण?" समीक्षानं इचारलं. तिघांनी बोटं दावली.

वाहिदभाईंचे कान लाल. "ताई, तेवढं कापा."

"काका, अर्काइव्हमधलं काही कापत नाहीत."

"मग आवाज तरी बारीक करा."

"तेही करत नाहीत."

झालं. ठकूबाईची ववी गेली जगभर आन् तिच्या मागं मागं वाहिदभाईबी गेले. चार-सहा महिन्यांनी समीक्षाचा फोन आला. रशिदानं स्पीकर लावला.

"मावशी, परदेशातल्या एक प्राध्यापक बाई बायकांच्या शांततेच्या चळवळीवर पुस्तक लिहितायत. सगळ्या कॅसेटी ऐकल्या त्यांनी. ओवी तर पाठ केलीय. फक्त एक गोष्ट त्यांना समजत नाहीये."

"इचार की."

"त्या माणसाला शेवटी साखर सापडली का?"

रशिदानं सैपाकघरात डोकावून बघितलं. वाहिदभाईंच्या म्होरं सात डबे उघडे, आठवा हातात, आन् चहात ते मीठ ढवळत व्हते.

"कळव त्यांना," रशिदा म्हनली, "शोध चालू हाय."