फुलाबाईंचं घरपोच मत

लोकशाही मतदाराच्या उंबरठ्यापर्यंत नेण्याचा निर्णय तालुक्याच्या बैठकीत दुपारच्या चहानंतर झाला. पंच्याऐंशीच्या पुढच्यांनी घरबसल्या टपाली मतपत्रिकेवर मत द्यायचं, ही सोय होतीच. पण लोक ती घेत नव्हते. आकडा कमी दिसत होता. आकडा कमी दिसणं हे केवढं पाप, ते सरकारी नोकरी केलेल्यालाच कळेल.

म्हणून अंगणवाडीच्या मायाताई भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीवर फुलाबाईंकडे अर्ज घेऊन गेल्या. फुलाबाई अठ्ठ्याऐंशीच्या, शेरडांमागं रोज डोंगर चढणाऱ्या.

"म्या चालत जाते की मत द्यायला," त्या म्हणाल्या. "या बारीला तर जाणारच. आमचा रस्ता खाल्ला मेल्यांनी. त्येंला पाडायचंय."

"आजी, अंगठा द्या, न्हाईतर मला नोटीस येईल."

फुलाबाईंना दया आली. इथंच त्या चुकल्या.

पथक आलं. प्रमुख सोमनाथराव, एक कॅमेरावाला, एक पोलीस आणि मत गुप्त राहावं म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. जीप खाली शाळेपाशी थांबली, कारण डांबर तिथंच संपतं. पायी चढावं, तर कागदोपत्री वस्तीपर्यंतचा रस्ता पूर्ण झालेला. आणि पूर्ण झालेल्या रस्त्यावर पथकाने पायी जाण्याची तरतूद नाही. वर निरोप गेला. तासाभरात म्हातारी उतरून हजर.

"आणा तो कागद."

सोमनाथरावांनी नियम काढला. "मत घरीच घ्यायचं असतं. आपण घरी नाही आहात."

"मग चला की घरी."

"रस्ता नाही ना, आजी."

"त्येच तर सांगायचंय मला त्या कागदावर."

नोंद झाली : मतदार घरी आढळून आल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला फुलाबाई शहाण्या झाल्या आणि शेरडं कोंडून दिवसभर दारात बसल्या. जीप शाळेपाशी आली, तासभर थांबली, मतदार जीपपर्यंत न आल्याने परत गेली. तिसरी फेरी नियमात बसत नाही.

मतदानाच्या दिवशी त्या त्याच शाळेत रांगेत उभ्या राहिल्या. यादीत नावापुढं टपालाची खूण. टपाली मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही.

"मग माझं मत गेलं कुठं?"

"आपली सोय झालेली आहे," अधिकारी अदबीनं म्हणाले.

नवरा गेला त्या आठवड्यातही फुलाबाईंनी मत चुकवलं नव्हतं. त्या शाळेच्या पायरीवर बसून रडल्या. त्या सकाळच्या पेपरात बातमी होती : 'गृहमतदानाकडे ज्येष्ठांचा वाढता कल, दुर्गम भागात चौपट प्रतिसाद'. मोजले होते अर्ज. मतं कोण मोजतो?

तेवढ्यात पुण्याची एक गाडी थांबली. मतदानाची सुट्टी, धरणाकाठी तंबू ठोकायचा बेत. गाडीतल्यांनी म्हातारीचं कोरं बोट पाहिलं, फोटोत बरं दिसेना म्हणून पेनानं त्यावर शाई ओढली आणि फोटोखाली लिहिलं : 'अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही मतदान. आणि तुम्ही?'

फोटो तुम्ही पाहिलात. भरून आलं तुम्हाला. चौघांना पुढं पाठवलात, हॉटेलच्या गॅलरीतून, सुट्टी होती म्हणून. तुमच्या बोटावर तर पेनाचीही शाई नव्हती.