छत्रीच्या काडीचा पल्ला

जळगावात आमच्या शेजारच्या भास्करनानांना पत्ता विचारला की विचारणारा हमखास चुकायचा. "पिठाची गिरणी? ती काय, सायकलच्या स्पोकपर्यंत. दवाखाना म्हणाल, तर छत्रीच्या काडीच्या जरा अलीकडे." तो बिचारा आधी नानांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी अंगणात तांदूळ निवडत बसलेली असायची. मी म्हणायची, "सरळ जा आणि डावीकडे वळा. ह्यांचं मनावर घेऊ नका."

नाना सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर आवक-जावकचं टपाल आणि संध्याकाळी डोक्यात तारा. नव्वदच्या सुमाराला त्यांनी पोस्टाने एक किट मागवलं आणि साबणाच्या डबीत ट्रान्समीटर बसवला. एका बाजूला माइक, आत बॅटरी, वरच्या भोकातून अँटेना. इथे बोललं की तिकडे रेडिओच्या एफएमच्या पट्टीवर ऐकू यायचं. त्या पट्टीवर तेव्हा आमच्याकडे खरखरीशिवाय काही लागत नसे, म्हणून नानांना रान मोकळं. डबीत जीव एवढासा, तेव्हा आवाज किती लांब जाणार ते सगळं अँटेनावर, असं नाना सांगायचे. आणि अँटेना स्वस्तातली हवी, जमल्यास फुकटातली, हाही त्यांचाच हट्ट.

आवाज कुठपर्यंत न्यायचा होता, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. रेल्वे लाइनच्या पलीकडे. त्यांची एकुलती एक मंदा त्याच वर्षी लग्न होऊन तिकडे गेली होती. गावातल्या गावात सासर म्हणून आम्ही सगळ्या खूश. पण नानांच्या घरचा रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता जळगावचा उन्हाळा आणि हे व्रत, जमायचं कसं? नाना सायकल मारत जायचे, घामाघूम होऊन ओट्यावर बसायचे, पाण्याचा तांब्या आला की "नको नको" म्हणायचे आणि घेरी यायच्या आत परत फिरायचे. एकदा घरून थर्मास घेऊन गेले, तर विहीणबाई फणकारल्या, "आमच्या माठात काय पाली पडल्यात का?" तेव्हापासून त्यांनी जाणंच सोडलं. फोनसाठी नंबर लावला होता, तो काही पुढे सरकत नव्हता.

नानांना विचारलं तर मात्र ह्यात मंदाचा काही संबंध नाही. "प्रयोग आहे कमलताई. शास्त्रीय." असं म्हणून माझ्या हातात रेडिओ द्यायचे. कारण नाना गच्चीवर अँटेना धरणार, अक्का, म्हणजे त्यांची बायको, माइकमध्ये बोलणार, मग राहिलं कोण? मी. चांगली बाईमाणूस, रेडिओ कानाला लावून भर बाजारातून चालतेय. न्हाव्याच्या दुकानातली माणसं अर्ध्या दाढीने बाहेर यायची. आवाज जिथे तुटेल ते दुकान बघून यायचं, की झालं माप.

सायकलचा स्पोक गिरणीपाशी दमला. मोडक्या ट्रान्झिस्टरची ओढून लांब होणारी दांडी न्हाव्यापर्यंत गेली. पंपाच्या जळक्या मोटारी भरून देणाऱ्याकडून आणलेल्या तांब्याच्या तारेचं नानांनी सुंदर वेटोळं केलं, त्याचा आवाज अंगणाच्या फाटकाबाहेर पडला नाही. मग धुळ्याचे साडू आले. त्यांनी टीव्हीची चपटी वायर आणली, ती त्यांनी एसटीत मांडीवर जपून आणली होती. ती गेली बेकरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो तर गिरणीसुद्धा गाठेना. नाना दोन तास बॅटरी बदलतायत, डबी उघडतायत, साडूंकडे संशयाने बघतायत. शेवटी वर जाऊन पाहिलं, तर अक्कांनी त्या वायरवर ओलं नऊवार वाळत घातलं होतं.

"बठ्ठं घर तारांनी भरी टाकं," अक्का म्हणाल्या. "लुगडं काय डोक्यावर वाळवू?" अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. रागावल्या की त्या माहेरच्याच बोलीत रागवायच्या.

माइकमध्ये काय बोलायचं, हा अक्कांचा मोठाच प्रश्न होता. नाना शिकवायचे, "हॅलो, हॅलो, तपासणी म्हण." दोन वेळा म्हणून त्या कंटाळायच्या आणि मनात येईल ते बोलायच्या. तठे कोन ऐकी राहिनं, असा त्यांचा समज. एकदा मी दवाखान्यासमोर, आजूबाजूला पेशंट, आणि माझ्याच हातातला रेडिओ सांगतोय, "कमल बाई चांगली शे. पन मनी किसनी लई गई, ते गईच." एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, देऊन टाका ना त्यांची किसणी." मी तशीच तरातरा घरी आले, किसणी अक्कांच्या पुढ्यात ठेवली आणि चार दिवस रेडिओला हात लावला नाही.

बदला म्हणून नानांनी माझी छत्री मोडली असं मी आजही म्हणते. ते म्हणतात ती आधीच मोडकी होती. तिच्या निखळलेल्या एका काडीने त्यांना आधीच दवाखान्यापलीकडे नेलं होतं, त्यामुळे त्यांना लोभ सुटला. चार काड्या खाली पसरून बांधल्या, मधोमध दीड हात साधी तार उभी केली आणि सगळं लचांड बांबूला बांधून पाण्याच्या टाकीवर चढवलं, तिथून वायर खाली स्वयंपाकघरातल्या डबीपर्यंत सोडली. "प्रश्न उंचीचा आहे," नाना म्हणाले. गच्चीवर अक्कांचे नागलीचे पापड वाळत होते. त्यातले किती नानांच्या पायाखाली गेले, ते मी मोजले नाहीत, अक्कांनी मोजले.

मी रेडिओ घेऊन निघाले. बेकरी गेली, दवाखाना गेला, रेल्वेचं फाटक ओलांडलं, तरी अक्का आपल्या पापडांवरून नानांना बोलतच होत्या. मी चक्क पळत सुटले. मंदाच्या दारात पोचले तेव्हा मला धाप लागली होती आणि रेडिओ स्वच्छ वाजत होता.

मंदा ओल्या हातानेच बाहेर आली. तिच्या सासूबाईही आल्या. आम्ही रेडिओ ओट्यावर ठेवला आणि नाना आता काय बोलतात म्हणून वाट बघत बसलो. माइक त्यांनी घेतला असावा, कारण एकदा घसा खाकरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग भांडं सरकलं, स्टोव्ह भुर्र झाला आणि थोड्या वेळाने थप थप ऐकू यायला लागलं.

"आई भाकरी थापतेय," मंदा म्हणाली आणि रेडिओला गाल लावून रडायला लागली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

रेडिओ मंदाकडेच ठेवून मी परत आले आणि नानांवर ओरडले. "एवढी छत्री खाल्लीत माझी, आणि बोलला का नाहीत एक शब्द?"

"बोलायला गेलो तर आवाजच फुटेना," नाना म्हणाले. "म्हटलं, घरच ऐकू दे तिला."

"मग डबी तिकडे ठेवायची होती. तुम्हाला तिचा आवाज तरी ऐकू आला असता."

"माझं काय, मी आपल्या घरात आहे," ते म्हणाले. "परक्या घरात ती आहे."

मग रोज सकाळी भाकरीच्या वेळेला नाना स्टोव्हपाशी पाट घेऊन बसायचे आणि काटवटीशेजारी माइक धरायचे. आपण मात्र चकार शब्द काढायचे नाहीत. मी काही मागायला गेले तर ओठांवर बोट ठेवायचे. माझ्यासारखी बोलकी बाई किती दिवस गप्प राहणार? एक दिवस मी खाली वाकले आणि त्यांच्या हातातल्या माइकमध्ये म्हणाले, "मंदा, तुझ्यावाचून नाना फार एकटे पडलेत गं."

नानांनी माइक बाजूला घेतला नाही.