शैलाची शिकवणी आणि दोन लाख माणसं

शैलाला गणितात अठ्ठावीस गुण पडले, तेव्हा बकुळाने प्रगतिपुस्तक नवऱ्याच्या ताटाशेजारी, लोणच्याच्या जागी ठेवलं.

"अहो, तळमजल्यावरच्या दळवी मास्तरांची शिकवणी लावू या. संध्याकाळी तासभर. नाहीतरी तेव्हा ही खाली लंगडी घालत असते."

"परबाच्या पोरीला गणिताची शिकवणी?" जयवंत परबाचा घास हातातच राहिला. तो गिरणीत टाइमकीपर होता, कामगारांच्या तासांचा हिशेब ठेवणारा. "लोक तोंडात शेण घालतील!"

शैलाचं म्हणणं वेगळंच होतं. पेपरात हौदाचं गणित होतं. वरचा नळ चालू, खालचा उघडा, तर हौद कधी भरेल? नळाला तासभर पाणी येणाऱ्या चाळीत वाढलेल्या शैलाने लिहिलं होतं, 'आधी खालचा नळ बंद करा.'

"मीच शिकवतो," जयवंतने ठरवलं. "रोजच्या व्यवहारातलं गणित घातलं की पोर आपोआप शिकते."

तिथेच घात झाला. रोजच्या व्यवहारात त्या दिवसांत एकच गोष्ट होती, संयुक्त महाराष्ट्राची सभा. आदल्याच संध्याकाळी परळच्या मैदानावरून घसा बसवून आलेल्या जयवंतने साऱ्या चाळीला सांगितलं होतं, "दोन लाख माणूस! मुंगी शिरायला जागा नव्हती." सभेचा आकडा जयवंतने सांगायचा आणि इतरांनी तो शेजारच्या चाळीत नेऊन थोडा वाढवायचा, अशी तिथली रीत होती.

तेव्हा त्याने गॅलरीत, चार लोकांना ऐकू जाईल अशा बेताने, गणित घातलं. "मैदान चारशे फूट लांब, तीनशे फूट रुंद. एका माणसाला चार चौरस फूट जागा. तर माणसं किती?" लांबी-रुंदी त्याने अंदाजानेच ठेवून दिली होती. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तीस हजार," शैला म्हणाली.

"नीट कर."

शैलाने पाटी पुसून नीट केलं. "तीस हजार."

शेजारचे म्हातारे तात्या बाकड्यावरून उठले. "गो चेडवा, मगे बाकीची माणसां खंय गेली?"

"मावत नाहीत, तात्या."

"मावणत नाय म्हणजे? मी होतंय ना थंय!"

"दाटीने उभे होते," जयवंत घाईघाईने म्हणाला. "दोन फूट धर."

"साठ हजार."

"पोरं बापाच्या खांद्यावर होती!" "झाडावरची धर गो!" "आजूबाजूच्या गॅलऱ्या विसरलीस!" चाळ मदतीला धावली. शैलाने सगळ्यांना नेऊन बसवलं, तरी लाखाला हात लागेना.

"बाबा, एकेकाच्या खांद्यावर तिघे ठेवू का?"

"असले आकडे सरकार छापतं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे जयवंतकडे बघू लागले. परबाच्या घरातून सरकारी आकडा! उद्यापासून आपल्याला सभेचा आकडा कोण विचारणार, या विचाराने जयवंतला घाम फुटला.

शेवटी दळवी मास्तरांना वर बोलावलं. मास्तरही सभेला होते. तळमजल्यावर दोन लाखांचे सव्वादोन त्यांनीच केले होते. त्यांनी पाटी दिव्याखाली धरली आणि बराच वेळ पाहिली.

"गुणाकार बरोबर. भागाकार बरोबर," मास्तर म्हणाले. "उत्तर साफ चूक. शिकवणी लावा."

चाळीचा जीव भांड्यात पडला. बकुळा भात ढवळायला आत गेली. शैलाची लंगडी बुडाली.

महिन्याभराने एका रविवारी पुढची मोठी सभा झाली. जयवंत परतला तेव्हा गॅलरी वाटच बघत होती.

"दोन लाख," तो म्हणाला.

"थांब रे," तात्या म्हणाले. "आता चेडू शिकवणीक जाता. तेकाच विचारूया."

पाटी शोधायच्या निमित्ताने जयवंतने शैलाला आत नेलं आणि हळूच विचारलं, "काय सांगशील गो?"

शैलाने जरा विचार केला. "शिकवणी चालू राहिली तर तीस हजार, बाबा. बंद झाली तर दोन लाख."

आपल्या पोरीचं गणित कच्चं नाही, हे जयवंतला त्या क्षणी पटलं. "उद्यापासून जाऊ नकोस," तो म्हणाला.

शैला बाहेर आली. पाटीकडे न बघताच "अडीच लाख!" म्हणाली आणि टाळ्या थांबायच्या आत जिना उतरून लंगडीला पळाली. वरचे पन्नास हजार तिने आपल्या खुशीने घातले होते.